काट्याकडे नजर, पंपाकडे कान: बॅटरीवरचा व्हॅक्यूम लिफ्टर वापरताना

काच, मोठी टाइल, ग्रॅनाइटची लादी किंवा गुळगुळीत पत्रा उचलायचा झाला तर धरायला कडेशिवाय जागा नसते. कड धरली की बोटे चेपतात, खाली ठेवताना हात अडकतो आणि कोपऱ्याचा टवका उडतो. बॅटरीवरचा व्हॅक्यूम लिफ्टर वस्तूच्या तोंडावरच मूठ देतो, म्हणून तो हाती आला की काम एकदम सोपे वाटू लागते. नवख्या माणसाला नेमका इथेच धोका असतो. पकड किती पक्की आहे ते मुठीला जाणवत नाही. पकड निम्म्यावर आली तरी मूठ तशीच घट्ट लागते आणि सुटते तेव्हा वस्तू एका क्षणात खाली येते. पकडीचा हिशेब कळतो तो गेजच्या, म्हणजे कपाखालचे निर्वात मोजणाऱ्या तबकडीच्या, काट्यावरून आणि पंप किती वेळाने पुन्हा घुरघुरतो त्यावरून. या दोन गोष्टी वाचायला आल्या की बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

हा लेख मुख्यतः हातात धरायच्या, वस्तूला चिकटणारा एकच रबरी कप असलेल्या यंत्राबद्दल आहे. क्रेनला टांगायच्या अनेक कपांच्या चौकटीबद्दल पुढे थोडे लिहिले आहे.

पकड येते कुठून

पंप रबरी कपाखालची हवा बाहेर काढतो. आतली हवा विरळ झाली की बाहेरची हवा वस्तूला कपावर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास १ किलोचा भार. कपाखाली पूर्ण निर्वात कधीच होत नाही. गेजवर उणे ६० किलोपास्कल दिसत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६०० ग्रॅमची पकड मिळते. काही गेजवर हाच आकडा उणे ०.६ बार किंवा पाऱ्याचे ४५० मिलिमीटर असा असतो. तिन्हींचा अर्थ एकच.

समजा कपाच्या आतल्या कडेचा व्यास १८ सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ झाले सुमारे २५४ चौरस सेंटिमीटर आणि ६० किलोपास्कलला पकड झाली सुमारे १५५ किलो. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. तो फक्त आडव्या वस्तूला सरळ वर ओढताना लागू होतो, आणि तोही कागदावर. वस्तू उभी असेल, भिंतीला लावलेल्या काचेसारखी, तर ती कपावरून खाली घसरायला बघते आणि तिला फक्त घर्षण थोपवते. कोरड्या स्वच्छ काचेवर घर्षण दाबाच्या निम्मे धरले, तर १५५ चे उरले ७८ किलो. त्यावर सुरक्षेसाठी किमान दुप्पट राखीव हवे. व्हॅक्यूम लिफ्टरसाठीचे युरोपीय मानक ईएन १३१५५ हेच सांगते: निर्वात धोक्याच्या रेषेपर्यंत उतरले तरी नेमून दिलेल्या वजनाच्या दुप्पट वजन यंत्राने धरले पाहिजे. म्हणजे उभ्या कोरड्या काचेसाठी हातात आले ३९ किलो. काच ओली असेल आणि घर्षण दाबाच्या पाचव्या हिश्श्यावर आले, तर सगळी राखीव ताकद खर्ची घालूनही फक्त ३१ किलो. यंत्र तेच आणि काटाही तिथेच, तरी १५५ चे ३१ झाले.

म्हणून खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करा आणि यंत्रावरची माहितीची पट्टी व पुस्तिका वाचा. आडव्या आणि उभ्या उचलीचे, गुळगुळीत आणि खडबडीत पृष्ठभागाचे आकडे वेगवेगळे दिलेले असतील, तर तुमच्या कामाला लागू असलेला सर्वांत लहान आकडा धरा. एकच आकडा दिला असेल, तर तो गुळगुळीत, कोरड्या, आडव्या वस्तूचा आहे असे समजून चाला.

उंचावरच्या ठिकाणी आणखी एक वजावट करावी लागते. १५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे ८५ किलोपास्कल उरतो आणि २००० मीटरवर ८० च्या आसपास. तिथे चांगला पंपही समुद्रसपाटीइतके निर्वात गाठू शकत नाही. काटा गेजवरच्या हिरव्या, म्हणजे सुरक्षित, पट्ट्यात जात नसेल, तर तिथे ते यंत्र पूर्ण क्षमतेला वापरू नये.

वस्तूचे वजन अंदाजाने ठरवू नका

काचेचे वजन काढणे सोपे आहे: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. १ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि १० मिलिमीटर जाड काच ५० किलोची. लॅमिनेटेड किंवा दुहेरी काच असेल, तर सगळ्या काचांची जाडी एकत्र धरा. ग्रॅनाइटची २० मिलिमीटरची लादी दर चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते. ६० बाय १२० सेंटिमीटरची, ९ मिलिमीटर जाडीची पोर्सेलिन टाइल साधारण १५ किलोची असते. आकडा छोटा वाटतो, पण तिची लांबी बघता एकट्याने ती पेलायची नसते.

आधीच बसवलेली फरशी उपटायला हे यंत्र वापरू नका. ताज्या मसाल्यावर बसलेली टाइलसुद्धा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने खाली धरलेली असते. तो जोर किती हे कोणालाच ठाऊक नसते, आणि कप सुटला की ओढणारा माणूस मागे पडतो. चुकीची बसलेली टाइल आधी कडेने पटाशीने सैल करा, खाली हवा शिरू द्या आणि मग कप लावा.

यंत्राचे भाग

मुठीत किंवा मुठीखालच्या डबीत छोटा पंप, बॅटरी आणि सर्किट असते. पंप आणि कप यांच्यामध्ये एक फिल्टर असतो आणि एकदिशा झडप असते. पंप थांबला तरी हवा उलटी आत शिरू नये हे त्या झडपेचे काम. दाबाचा स्विच ठरावीक निर्वात झाले की पंप बंद करतो आणि निर्वात घसरले की पुन्हा चालू करतो. चालू करायचे बटण आणि सोडायचे बटण वेगळे असते. काही यंत्रांत सोडायचे बटण दोनदा किंवा काही क्षण दाबून धरावे लागते. ती कटकट नाही, हात चुकून लागला तर वस्तू पडू नये म्हणून केलेली सोय आहे.

गेज कोणते आहे ते आधी पाहून घ्या. काट्याचे गेज बॅटरी मेली तरी खरे सांगते. आकडे दाखवणारे गेज, इशाऱ्याचा दिवा आणि बझर हे बहुतेक यंत्रांत पंपाच्याच बॅटरीवर चालतात. बॅटरी अचानक तुटली तर तिन्ही एकदम गप्प होतात. बझर वाजत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे कधीही समजू नये.

कोणत्या पृष्ठभागावर चालते आणि कुठे फसवते

स्वच्छ काच, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, चकचकीत पोर्सेलिन आणि रंग न उडालेला सपाट पत्रा हे यंत्राचे हक्काचे पृष्ठभाग. यांवर पंप काही सेकंदांत निर्वात गाठतो, थांबतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो.

खरखरीत टाइलवर गोष्ट बदलते. घसरण रोखण्यासाठी दाणेदार केलेली टाइल हातात घ्या आणि तिच्यावरून बोटाचे टोक फिरवा. लागणाऱ्या प्रत्येक खळग्यातून रबराच्या कडेखाली हवेची एक बारीक वाट जाते. अशा टाइलवर कप लावला की पंप चालतो, थांबतो, पाच-सात सेकंदांत पुन्हा चालतो. टाइल उचलली जाते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. खरे तर त्या वेळी टाइलला पंप धरून आहे, आणि पंपाला बॅटरी. बॅटरी संपली की काचेवरचा कप झडपेच्या जोरावर कित्येक मिनिटे तग धरेल. दाणेदार टाइलवरचा कप काही सेकंदांत सोडून देईल.

हे प्रत्येक नव्या मालावर मोजून बघा. नग जमिनीवर सपाट पडलेला असतानाच कप लावा, काटा हिरव्यात जाऊन पंप थांबू द्या आणि मग पंपाची वीज बंद करा. स्विच बंद केल्यावर तुमच्या यंत्राची पकडच सुटत असेल, तर त्याऐवजी बॅटरी काढा. आता काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात यायला किती सेकंद लागतात ते मोजा. आकडे दाखवणारे गेज असेल तर बॅटरी काढल्यावर ते दिसणार नाही. अशा वेळी १० सेकंदांनी बॅटरी परत लावून आकडा किती घसरला ते पाहा. आलेला वेळ म्हणजे बिघाड झाला तर नग खाली टेकवायला तुमच्याकडे असलेली मुदत. ती अर्ध्या मिनिटाच्या आत असेल, तर तो नग फक्त गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणि दोन-चार पावलांपुरता उचला. भिंतीवर चढवायचा असेल, तर दुसरी पद्धत शोधा. अर्ध्या मिनिटाची ही रेषा आम्ही सावधपणे ओढलेली आहे. पुस्तिकेत याहून कडक मर्यादा असेल तर ती पाळा.

सच्छिद्र माल, म्हणजे काँक्रीटचे पेव्हर, पॉलिश नसलेला वालुकाश्म किंवा टाइलची मागची बाजू, यांतून हवा कडेखालूनच नव्हे, थेट दगडातूनही येते. अशा मालासाठी मऊ स्पंजाच्या कडेचे कप आणि जास्त हवा ओढणारे पंप वेगळे मिळतात. काचेसाठीचा रबरी कप तिथे चालत नाही. जिप्समच्या बोर्डावर आणखी एक फसवणूक असते: कप बोर्डाला धरत नाही, बोर्डावरच्या कागदाला धरतो. कागद सुटला की बोर्ड गेला. पातळ फिल्म, सोलणारा रंग, व्हिनिअर आणि मागून रंगवलेल्या काचेची रंगाची बाजू यांनाही हाच नियम लागू. कप ज्या थराला चिकटतो, तो थर खालच्या वस्तूला किती घट्ट धरून आहे हे आधी पाहा.

पातळ मोठ्या नगाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ३-४ मिलिमीटरची काच किंवा ६ मिलिमीटरची भली मोठी पोर्सेलिन शीट मध्ये एकाच कपाने उचलली, तर दोन्ही टोके खाली लोंबतात आणि मधला भाग फुगतो. कपाची कड एका बाजूने उचलली जाते आणि हवा शिरते. कधी त्याआधी शीटच तडकते. अशा नगांसाठी कपांची लांब चौकट लागते. घाईत दोन माणसांनी दोन सुटे कप वापरून वेगवेगळ्या वेगाने उचलणे म्हणजे शीट पिळणेच.

काम सुरू करण्याआधी

रबराची कड बोटाने पूर्ण गोल तपासा. डोळ्यांपेक्षा बोट इथे जास्त सांगते. चीर, कापलेली जागा, कडक झालेला किंवा काचेसारखा चकाकणारा भाग, रुतलेला वाळूचा कण यांपैकी काही लागते का ते पाहा. कड हलकेच वाकवा, म्हणजे बंद असलेल्या बारीक भेगा उघडतात. कण असेल तर पुसून काढा. चीर असेल तर कप बदला. डिंक किंवा सिलिकॉन लावून चीर बुजवू नका, कारण तो थर कडक होऊन बाजूला नवी फट पाडतो.

बॅटरी पूर्ण भरलेली असावी. दिवसभराचे काम असेल तर दुसरी भरलेली बॅटरी जवळ ठेवा.

मग गळतीची चाचणी. स्वच्छ काचेचा जाड तुकडा जमिनीवर ठेवा, कप लावा, काटा हिरव्यात जाऊन पंप थांबल्यावर पंपाची वीज बंद करा आणि १० मिनिटे काट्याकडे पाहा. किती घसरण चालेल ती मर्यादा पुस्तिकेत असते. त्याहून उपयोगी सवय म्हणजे यंत्र नवे असताना आलेला आकडा लिहून ठेवणे आणि आजचा आकडा त्याशेजारी मांडणे. नवे असताना ५ किलोपास्कल घसरणारा काटा आज १५ ने घसरत असेल, तर आज सगळे ठीक दिसत असले तरी कड, फिल्टर किंवा झडप यांपैकी काहीतरी उतरणीला लागले आहे.

वस्तू पुसा. धूळ, तेल, कटिंगचा गाळ, ओल, दव काहीही राहू देऊ नका. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेल्या काचेवर डोळ्यांना दिसत नाही असा ओलाव्याचा थर चढतो. कोरड्या फडक्याने पुसून दोन मिनिटे थांबा. उन्हात तापलेल्या काचेवर रबर मऊ पडते आणि कपाचा गोल डाग उठतो.

अंगावर काप न लागणारे हातमोजे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणि चष्मा असावा. जायची वाट मोकळी करा आणि जिथे टेकवायचे तिथे लाकडी पट्ट्या किंवा रबर आधीच मांडून ठेवा. नग हातात धरून कोणी पट्टी शोधायला पळू नये.

उचलणे

१. नगाचा मध्य काढा. दोन कर्णांवर दोरी धरली की तो मिळतो. खाच किंवा भोक असेल तर मध्य जड बाजूकडे सरकतो. एक कप असेल तर तो मध्यावर लावा. दोन असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर.

२. कप सपाट टेकवा आणि हाताने चोहोबाजूंनी दाबा. कड पूर्ण बसली तरच पंपाला पकड मिळते. एका बाजूने अर्धवट टेकलेल्या कपावर पंप नुसता हवा ओढत राहतो.

३. पंप चालू करा. काटा हिरव्या पट्ट्यात जाईपर्यंत आणि पंप स्वतःहून थांबेपर्यंत नगाला हात लावू नका.

४. पंप थांबल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला तर कुठेतरी गळती आहे. कप काढा, पुसा, जागा थोडी बदलून पुन्हा लावा.

५. नग जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि तसाच धरा. काटा पाहा. नग एका बाजूला झुकतोय का, कपाची कड कुठे सुटतेय का ते पाहा. शंका वाटली तर खाली ठेवा. या उंचीवरून पडलेल्या नगाचा फार तर कोपरा जातो, कोणाचा पाय जात नाही.

६. काच उभी करूनच न्या. आडवी नेली की ती स्वतःच्या वजनाने वाकते. उचलताना आणि ठेवताना झटका देऊ नका. थांबवताना बसलेला एक हिसका काही क्षण वजन कितीतरी वाढवतो आणि राखीव पकड तिथेच संपते. मूठ तिरकी पिळू नका.

७. नेताना एका माणसाची नजर सतत काट्यावर असावी. मोठ्या नगाला दोन माणसे पुरेशी वाटली, तरी वाट दाखवायला आणि काटा वाचायला तिसरा असावा.

८. नग पूर्ण टेकेपर्यंत आणि टेकल्यावर हलत नाही याची खात्री होईपर्यंत सोडायच्या बटणाकडे बोट नेऊ नका. उभी काच असेल तर ती चौकटीत बसून वरून-खालून अडकली पाहिजे. मगच सोडा. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो, मग कडेवरचा लहान कान ओढून कप सोलल्यासारखा काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर कड फाटते आणि काचेला चरा जातो.

नगाखाली हात किंवा पाय कधीही नको. नग सुटलाच तर पकडायला धावू नका. बाजूला व्हा. छपराचे बोर्ड डोक्यावर धरायला हे यंत्र वापरू नका. वाऱ्यात मोठी काच शिडासारखी वागते, तेव्हा झुळूक येत असेल तर काम थांबवा.

पंप काय सांगतो

पंप चालूच होत नसेल तर आधी बॅटरी आणि तिचे संपर्क पाहा. सिमेंटची धूळ संपर्कांवर बसते आणि ओलाव्याने कडक होते. कोरड्या ब्रशने काढा.

पंप चालतो पण काटा हलत नाही: कप टेकलेला नाही, सोडायची झडप अर्धवट उघडी अडकली आहे किंवा नळी निसटली आहे. पंपाचा आवाज नेहमीपेक्षा जड, गुदमरलेला येत असेल तर फिल्टर तुंबला आहे. आवाज हलका, मोकळा येत असेल तर कुठेतरी हवा सरळ आत येते आहे. पहिल्या आठवड्यातच काचेवरचा निरोगी आवाज कानात बसवून घ्या, पुढे निदान तिथूनच सुरू होईल.

पंप वारंवार चालू-बंद होतो: आधी काचेवर लावून पाहा. काचेवर शांत असेल तर दोष मालाचा. काचेवरही होत असेल तर यंत्राचा. मग साबणाचे पाणी बोटाने कडेच्या बाहेरून अगदी थोडे लावा. जिथे ते आत ओढले जाते तिथे गळती. चाचणी झाल्यावर कप आणि काच कोरडी करा.

पंप थांबल्यावर काटा लगेच पडतो पण कड चांगली आहे: एकदिशा झडपेत बहुधा कण अडकला आहे. पुस्तिकेत झडप उघडायची पद्धत दिली असेल तर स्वच्छ करा, नाहीतर दुरुस्तीला द्या. हा दोष गंभीर आहे. पंप चालू असेपर्यंत तो लपून राहतो आणि बॅटरी संपल्यावरच उघड होतो.

नग वर असताना बझर वाजला तर बटणे दाबत बसू नका. नग असेल तिथेच, जवळच्या आधारावर टेकवा. कारण नंतर शोधा.

क्रेनला टांगायची चौकट

चार, सहा किंवा अधिक कपांची चौकट शंभर ते कित्येक शे किलो उचलते, म्हणून तिच्यात बहुधा दोन स्वतंत्र निर्वात मंडले असतात. दोघांचे गेज, दोघांची टाकी आणि झडप वेगळी. एक मंडल फुटले तरी दुसरे नग धरून ठेवते. दोन्ही गेज हिरव्यात आल्याशिवाय हूक वर घ्यायचा नाही. एक मंडल बंद ठेवून 'एवढ्यापुरते' काम उरकू नका. नग लहान म्हणून काही कप बंद केले, तर क्षमताही त्या प्रमाणात कमी होते. आठपैकी चार कप म्हणजे निम्मे वजन. बंद कपांची वाल्व्ह खरोखर बंद आहे ना ते हाताने पाहा. चौकटीचे स्वतःचे वजन क्रेनच्या हिशेबात धरायला विसरू नका. ही चौकट प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्याच हाती द्यावी.

बॅटरी

हातयंत्रात बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते आणि मोठ्या चौकटीत अनेकदा १२ व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी. दोघींचे स्वभाव उलटे आहेत.

लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नये. निम्म्याच्या आसपास भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. शून्य अंशाखाली तिला चार्जिंगला लावू नका. उन्हात तापलेली असेल तर निवू द्या. तिच्यातले संरक्षक सर्किट ठरावीक रेषेला वीज एकदम तोडते. पंप हळूहळू मंदावून इशारा देईल अशी आशा धरू नका. बॅटरीच्या दर्शकावर एक पट्टी उरली की भरलेली बॅटरी लावा. फुगलेली, पडून दबलेली किंवा वास येणारी बॅटरी पुन्हा लावू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.

शिसे-आम्ल बॅटरी मात्र वापरून रिकामी तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर चढून ती कायमची कमजोर होते. काम संपले की त्याच दिवशी भरा. चार्जर काढून काही तास विश्रांती दिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. पडून असली तरी दर दोन-तीन महिन्यांनी भरत राहा.

चार्जर यंत्रासोबत आलेलाच वापरा. चार्जिंग चालू असताना यंत्राने नग उचलू नका.

साफसफाई आणि ठेवण

रोज काम संपल्यावर कप सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. कप तोंड खाली करून धरा, म्हणजे मधल्या भोकातून पाणी पंपाकडे जाणार नाही. चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा आणि पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन रबर फुगवतात किंवा तडकवतात. रबर चमकवायचे सिलिकॉनचे फवारे तर अजिबात नकोत. त्यांचा बुळबुळीत थर कपावर राहतो, आणि उभ्या काचेला धरणारे जे एकमेव घर्षण, तेच जाते.

फिल्टर धुळीच्या कामात रोज उघडून पाहा, स्वच्छ कामात आठवड्याला. स्पंज किंवा फेल्टचा तुकडा झटकून येतो, पण राखाडी पडून कडक झाला असेल तर नवा घाला. फिल्टरशिवाय यंत्र एकदाही चालवू नका. टाइलची धूळ पंपाच्या पडद्यात आणि झडपेत गेली की ती परत निघत नाही. पाणी आत ओढले गेले असेल तर कप मोकळा ठेवून पंप दोन-तीन मिनिटे कोरडा चालवा, फिल्टर वाळवा आणि मग गळतीची चाचणी पुन्हा घ्या.

यंत्र कपावर उभे करून ठेवू नका. वजनाने कड एका बाजूला मुडपते आणि तसाच आकार घेते. सोबत आलेले झाकण लावून, पेटीत, उन्हापासून दूर ठेवा. रबर न वापरताही म्हातारे होते, म्हणून कप बदलल्याची तारीख पेटीच्या झाकणात लिहून ठेवा आणि सुटा कप मागवताना तो तुमच्या यंत्राच्याच मॉडेलचा आहे हे पाहा. मिळतेजुळते कप बसतात, पण त्यांची कड वेगळ्या उंचीची असते.

यंत्र उंचावरून पडले असेल, तर बाहेरून काही तुटलेले नसले तरी काचेवरची १० मिनिटांची चाचणी झाल्याशिवाय त्याला पुन्हा वजन लावू नका. मूठ आणि कप यांच्या सांध्यात केसाएवढी भेग आहे का ते टॉर्च तिरकी धरून पाहा. भेग दिसली तर ते यंत्र बाजूला काढा आणि दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून त्याची बॅटरी वेगळी करून त्यावर चिठ्ठी लावा.